वडिलांच्या परवान्यावरची काडतुसे मुलाने गाडीतून नेली तर काय? (नागपूर–काटोल)

संत्राबाग · रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गेल्या गुरुवारी जे झाले ते सविस्तर लिहितो. शेतकऱ्यांच्या बऱ्याच घरांत बंदूक वडिलांच्या नावावर असते आणि गाडी मुलगा चालवतो, म्हणून विचारावेसे वाटले.

बाबांकडे बारा बोरची एकनळी आहे, आजोबांच्या काळापासूनची. परवाना बाबांच्या नावावर, जिल्हाधिकारी कार्यालयाचा. काटोल तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे आणि घर गावापासून दूर, शेतातच. बाबा दोन-तीन वर्षांतून एकदा काडतुसे घेतात. यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांना नागपूरला आणले, तर म्हणाले, आलोच आहोत तर तेही काम उरकून घेऊ. दुकानात गेलो. दुकानदाराने परवान्याचे पुस्तक उघडले, २५ काडतुसांची नोंद केली, तारीख टाकली, सही-शिक्का मारला आणि बाबांच्या नावाची पावती दिली. सगळे माझ्या डोळ्यांदेखत.

संध्याकाळी बाबांना दवाखान्यात भरती केले. शुगर जास्त असल्याने रात्रभर ठेवायचे होते. आई त्यांच्याजवळ थांबली. बागेला पाणी द्यायची आमची पाळी रात्रीच्या लाइटची, म्हणून मी एकटा गावाकडे निघालो. काडतुसे मागच्या सीटवर कापडी पिशवीत, जेवणाच्या डब्याशेजारी. परवान्याचे पुस्तक मात्र बाबांच्या तपासण्यांच्या फाइलमध्ये दवाखान्यातच राहिले. ते माझ्या डोक्यातच आले नाही.

शहराबाहेर नाकाबंदी होती. टॉर्च मागच्या सीटवर गेला. "पिशवीत काय आहे?" मी सरळ सांगितले, पावती दाखवली. ते म्हणाले, पावती तुमच्या नावाची नाही, परवाना कुठे आहे? आईला फोन केला. तिला बिचारीला पुस्तकाचे कोणते पान पाहिजे तेच कळेना, तिने सगळ्या पानांचे फोटो काढून पाठवले. अडीच तास गेले. शेवटी काडतुसे मोजून नोंद करून ठेवून घेतली, माझे नाव-पत्ता लिहून घेतला आणि सकाळी मूळ परवाना घेऊन या म्हणाले. सकाळी नेला, काडतुसे परत मिळाली. कोणी वाईट वागले नाही. पण त्या अडीच तासांत माझे हात थरथरत होते, हे खरे सांगतो.

प्रश्न असे: माझ्याकडून गुन्हा झाला होता का? गाडीत काडतुसे ठेवायची तरी कुठे? आणि पुढच्या वेळी बाबांना प्रवास झेपला नाही तर मी ती आणूच शकत नाही का?

धंतोली_७ · रविवार, रात्री १०.०५

भाऊ, मागच्या सीटवर ठेवली हीच चूक. डिकीत कुलूप लावून ठेवायची होती. माझा मोठा भाऊ अमेरिकेत असतो, तिथे असाच नियम आहे. बंदूक रिकामी, काडतुसे डिकीत, कोणी विचारत नाही.

सदर_वकील · रविवार, रात्री ११.२०

धंतोली, तुमचा भाऊ सांगतो तो नियम तिथला आहे. त्यांच्याकडे १९८६ चा एक केंद्रीय कायदा आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना बंदूक रिकामी हवी, आणि बंदूक व काडतुसे प्रवाशांच्या हाताला लागू नयेत. डिकी वेगळी नसेल तर कुलपाच्या पेटीत, आणि ती पेटी म्हणजे डॅशबोर्डचा खण नव्हे. यूट्यूबवर हे इतके फिरते की इथल्या लोकांना तोच आपला कायदा वाटतो. माझ्याकडे आलेल्या दोन अशिलांनी हेच सांगितले होते.

आपल्याकडे पहिला प्रश्न काडतुसे कुठे ठेवली हा नसतो. ती कोणाच्या ताब्यात आहेत आणि त्या माणसाला तो अधिकार आहे का, हा असतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ३ म्हणते की परवान्याशिवाय बंदूक किंवा दारूगोळा घेता, बाळगता, नेता येणार नाही. बंदूक गावी घरात होती आणि माझ्याकडे फक्त काडतुसे होती, असे म्हणून सुटका नाही. एक काडतूसही त्यात येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५(१ब) खाली याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद व दंड आहे. आधी ती एक ते तीन होती.

आता संत्राबाग, तुमच्या उपयोगाचे. याच कलम ३ ला एक परंतुक जोडलेले आहे, आणि ते फार कमी लोक वाचतात. स्वतःचा परवाना नसलेला माणूसही बंदूक किंवा काडतुसे नेऊ शकतो, पण परवानाधारक सोबत असताना किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर. तेही तीनच कारणांसाठी: दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा खुद्द परवानाधारकाचा वापर.

म्हणजे दुकानातून दवाखान्यापर्यंत बाबा शेजारी बसले होते तोवर तुम्ही पूर्ण कायद्यात होता. ते दवाखान्यात उतरले आणि तुम्ही एकटे पुढे निघालात, तिथून तुमच्याजवळ त्यांची चिठ्ठी हवी होती. एका कागदाचा फरक होता. तो नव्हता, म्हणून काटेकोर बघितले तर तुमची बाजू कच्ची होती. हेतू स्वच्छ होता, पावती होती, परवाना खरा निघाला, म्हणून निभावले.

जुना_हवालदार · सोमवार, सकाळी ६.५०

तीस वर्षे नोकरी केली, त्यातली कितीतरी वर्षे नाक्यावर उभा राहिलो. नाक्यावरच्या माणसाच्या बाजूने थोडे सांगतो.

रात्री साडेदहाला गाडी थांबते. मागे पिशवी, पिशवीत २५ काडतुसे, माणूस म्हणून राहिला बाबांची आहेत. आम्ही काय समजायचे? कलम १९ आम्हाला सांगते की शस्त्र किंवा दारूगोळा नेणाऱ्याकडे परवाना मागा. त्याने परवाना दाखवावा, नाहीतर परवान्याशिवाय न्यायचा अधिकार कसा आहे ते दाखवावे. दोन्ही नसेल तर नाव-पत्ता घ्यायचा, गरज वाटली तर माल जप्त करायचा. नाव-पत्ता द्यायला नकार दिला किंवा पळून जाईल असे वाटले तर अटक. तुमच्या नाक्यावर जे झाले ते याच क्रमाने झाले. त्या साहेबांनी डोके शांत ठेवले.

कलम २० पण ध्यानात ठेवा. परवाना असला तरी नेण्याची रीत संशयास्पद वाटली तर विनावॉरंट अटक होऊ शकते. दारू पिऊन गाडी चालवणारा, सीटखाली काडतुसे लपवलेला, विचारल्यावर तीनदा उत्तर बदलणारा. असा माणूस परवाना दाखवूनही अडकतो. तुम्ही पहिल्या वाक्यात खरे बोलले, ते कामी आले.

माझ्या अनुभवाने सगळ्यात मोठी भानगड मोजणीची. परवान्यावर नोंद २५ ची, पावती २५ ची, पिशवीत निघतात २९. जुनी चार घरून कधी आली, आठवतच नाही. त्या चारांचा हिशेब मागायला बसले की रात्र जाते. दुकानातून निघतानाच मोजा. जुनी-नवी एकत्र करू नका. वापरलेल्या रिकाम्या नळ्या त्याच पिशवीत टाकू नका. आणि पिशवीत काय आहे ते पोलिसाने शोधायच्या आधी स्वतः सांगा. हात स्टिअरिंगवर ठेवून सांगा.

संत्राबाग · सोमवार, सकाळी ८.१५

काका, मोजणीचे एकदम पटले. त्यांनी पहिले तेच केले, बोनेटवर पाच-पाचच्या रांगा लावून मोजले. २५ भरले तेव्हा त्यांचा आवाज बदलला.

नेम_धरा · सोमवार, दुपारी १.३०

मी रेंजवर शिकवते, म्हणून खेळाडूंच्या पालकांसाठी थोडे.

४.५ मिमीची, २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल किंवा पिस्तूल असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. तिचे छर्रे मुलांच्या दप्तरात असले तरी हा कायदा आड येत नाही. पण पॉइंट टू-टू (.२२ बोर) रायफलची गोळी आली की सगळे बदलते. २१ वर्षांखालच्या मुलामुलींना प्रशिक्षणासाठी देखरेखीखाली नेम मारता येतो, मात्र क्लबच्या परवान्यावरची गोळी क्लबचीच राहते. ती रेंजवर मोजून मिळते आणि उरलेली मोजून परत जाते. घरी नेऊन उद्या आणते, असे चालत नाही.

मी प्रत्येक सत्रानंतर मुलांच्या जॅकेटचे खिसे उलटे करून बघते. टू-टूची गोळी करंगळीच्या पेरापेक्षा फार मोठी नसते, अस्तराच्या फाटक्या शिवणीतून आत जाते आणि महिनोन्महिने तिथेच राहते. मग तेच जॅकेट कोणी गाडीत टाकते, कोणी विमानतळावर नेते. आपल्या विमानतळावर एक्स-रेवर अशी एक गोळी दिसून माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांना विमान सोडावे लागले. त्यांना खरोखर माहीत नव्हते.

सदर_वकील · सोमवार, दुपारी २.४५

माहीत नसण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच गुणवंतलाल प्रकरणात सांगितले आहे की ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. वस्तू आपल्याजवळ आहे याची जाणीव आणि तिच्यावर नियंत्रण, दोन्ही हवे. अस्तरात अडकलेल्या एका गोळीसाठी हा बचाव चालतो. पण तो न्यायालयात चालतो, विमानतळावर नाही. तोवर विमान गेलेले असते, गुन्हा नोंदला गेलेला असतो आणि वकिलाची फी सुरू झालेली असते. संत्राबाग यांना तर हा बचाव नाहीच, त्यांना पिशवीत काय आहे ते ठाऊक होते.

आणखी एक. कलम ३ च्या गुन्ह्यात खटला भरायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, कलम ३९. त्या टप्प्यावर सगळी कागदपत्रे नीट मांडता येतात. म्हणून जप्ती झाली तर पंचनाम्याची प्रत मागून घ्या, संख्या नीट लिहिली आहे का बघा, मगच सही करा.

धंतोली_७ · सोमवार, सायं. ६.१०

माझे चुकले, आता कळले. पण वकील ताई, मग डिकीत ठेवा की सीटवर, काहीच फरक नाही?

सदर_वकील · सोमवार, सायं. ७.००

फरक आहे, पण तो सुरक्षिततेचा आणि समोरच्याच्या मनात काय येते त्याचा. बंदूक आणि काडतुसे दोन्ही सोबत असतील तर बंदूक रिकामी, खोळीत आणि काडतुसे तिच्यापासून वेगळी, बंद डब्यात. उघड्यावर मिरवत न्यायची नाही. चालू गाडीत हाताशी भरलेली बंदूक दिसली तर कलम २० चा संशय आपणच ओढवून घेतो.

खरी जपायची गोष्ट किल्ली आहे. लग्नाला गेलात, लॉनवर किल्ली पार्किंगवाल्या पोराच्या हातात दिली आणि डिकीत काडतुसे आहेत. आता ती कोणाच्या ताब्यात? गाडी सर्व्हिसिंगला टाकली, भाच्याला दोन दिवस वापरायला दिली, तेच. गाडी जिथे जाते तिथे काडतुसे जातात आणि परवाना तुमच्या कपाटात राहतो. खरेदी झाली की दुसरे कुठलेही काम न करता थेट घरी जा आणि कुलपात ठेवा. दुकान सगळ्यात शेवटी करायचे.

शाळा_सुटली · सोमवार, रात्री ८.२५

हे वाचून घाबरले. आमचे हे नागपूरच्या महाल भागातून काडतुसे घेऊन परस्पर मुलीला शाळेतून आणायला गेले होते, गाडी शाळेच्या आवारात लावली होती.

जुना_हवालदार · सोमवार, रात्री ९.००

ताई, पुन्हा नका करू देऊ. परवान्याच्या मागे छापील अटी असतात, त्या कोणी वाचत नाही. शाळा-कॉलेजच्या आवारात, जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, जाहीर गर्दीत शस्त्र न्यायचे नाही, असे तिथे लिहिलेले असते. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी, दीक्षाभूमीच्या गर्दीच्या दिवशी शहरातून काडतुसे नेण्याचे कामच काढू नका. अटी मोडल्या तर कलम ३० आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना जातो तो वेगळा.

शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे मनाई आदेश निघतात, निवडणुकीत शस्त्रे ठाण्यात जमा करायला सांगतात. खरेदीला निघायच्या आधी ठाण्यात एक फोन करून काही आदेश लागू आहे का ते विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

कऱ्हांडला_काठ · मंगळवार, सकाळी ७.३०

आम्ही उमरेडकडचे, अभयारण्याला लागून शेत. आमच्याकडे हा विषय अजून अवघड आहे. वन्यजीव कायदा १९७२, कलम ३१. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. आणि कलम ३४ खाली अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने त्यांच्याकडे नाव नोंदवायचे असते. माझ्या वडिलांनी ते केले होते, तो कागद आम्ही परवान्यासोबतच ठेवतो. बंदूक आणि काडतुसे न्यायची असली की लांबचा रस्ता पडला तरी चालेल, पण जंगलातून जाणारा रस्ता घेत नाही. वनरक्षकाने थांबवले तर तो बिचारा काय समजणार? त्याला रात्री गाडी, बंदूक आणि जंगल एवढेच दिसते.

आणि बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारायचा परवाना नव्हे. त्याची परवानगी वनखात्याकडून वेगळी. आमच्या गावात एकाला हा फरक फार महाग पडला.

संत्राबाग · मंगळवार, सकाळी १०.००

आमची बंदूक रक्षणासाठीच आहे. डुकरांसाठी बाबा फटाके आणि कुंपण यावरच भागवतात.

अजून एक शंका. मावशी छिंदवाड्याला असते. तिकडून येताना काडतुसे घेतली तर?

सदर_वकील · मंगळवार, सकाळी ११.४०

परवान्यावर क्षेत्राचा रकाना असतो: जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत. शेती राखायच्या परवान्यावर कधी कधी त्याहून लहान क्षेत्र असते. सावनेर ओलांडून पुढे गेलात की मध्य प्रदेश लागतो. बाबांचा परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर सीमेच्या पलीकडे तो कागद तुमच्या कामाचा नाही, चिठ्ठी कितीही चांगली लिहिलेली असो. आधी तो रकाना वाचा. क्षेत्र वाढवून हवे असेल तर अर्ज करा, शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीणमध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडे.

त्याच पानावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसे घेता येतील ते आकडे असतात. प्रत्येकाचे वेगळे असू शकतात, शेजाऱ्याचे बघून ठरवू नका.

माहेर_पारशिवनी · मंगळवार, दुपारी ३.२०

इथे विचारू का? वडील तीन महिन्यांपूर्वी गेले. काल माहेरी त्यांची पेटी आवरताना धोतराच्या घडीखाली बिस्किटाच्या जुन्या डब्यात ११ काडतुसे सापडली. बंदूक भिंतीला तशीच आहे. आईला झोप लागत नाही. मी उद्या कारने नागपूरला परत येणार आहे, येताना ठाण्यात देऊन टाकू का?

सदर_वकील · मंगळवार, दुपारी ३.३५

ताई, तुम्ही ती गाडीत घालू नका. तुमच्या बाबतीत चिठ्ठी देणारे हात राहिले नाहीत, त्यामुळे ते परंतुक तुम्हाला लागू होत नाही. बंदूक आणि डबा दोन्ही आहे तिथे, एकाच खोलीत कुलूप लावून ठेवा. आजच गावच्या ठाण्याला लेखी कळवा: वडिलांचे निधन अमुक तारखेला, परवाना क्रमांक, बंदूक एक, काडतुसे ११, आम्ही जमा करू इच्छितो, कृपया कर्मचारी पाठवावा. सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या आणि माल नेतील तेव्हा पावती घ्या.

कलम २१ नुसार ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. तीन महिने गेले आहेत, आता एकही दिवस नको. जमा केल्याने हक्क जात नाही. घरातल्या कोणाला पुढे परवाना मिळाला तर ती परत मिळू शकते, नाहीतर मुदतीत विकता येते. वडिलांची वस्तू कायमची गेली असे आईंना वाटू देऊ नका.

माहेर_पारशिवनी · बुधवार, सायं. ५.५०

दोन पोलीस आले होते. आईने त्यांना चहा दिला. डबा उघडून मोजले, ११ च भरली. पावती मिळाली. आई म्हणाली, त्यात बिस्किटेच असतील असे समजून मी तो डबा दोनदा हलवला होता. सगळ्यांचे मनापासून आभार.

जुना_हवालदार · बुधवार, रात्री ८.१५

फार चांगले केले ताई.

उन्हाळा येऊन राहिला म्हणून अजून एक. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडी उन्हात उभी केली तर आत हात ठेवता येत नाही. त्या उन्हाने काडतुसे आपोआप फुटत नाहीत, पण आतली दारू लवकर खराब होते. मग वेळेवर चाप ओढला की एखादे उडतच नाही, किंवा अर्धवट उडून नळीत अडथळा ठेवते आणि पुढच्या गोळीला नळी फाटते. एसटीच्या पार्सलने, कुरिअरने पाठवायचा विचार कोणी करू नका.

संत्राबाग · शुक्रवार, रात्री ९.२०

बाबांच्या डोळ्याची पट्टी निघाली. परवान्यावरचा रकाना त्यांनी स्वतःच मला वाचून दाखवला: महाराष्ट्र राज्य. पुढच्या वेळेसाठी चिठ्ठीचा मसुदा केला आहे, वकील ताईंनी नजर टाकावी.

"मी (नाव, पत्ता), शस्त्र परवाना क्रमांक ..., युनिक ओळख क्रमांक ..., बारा बोर एकनळी, माझा मुलगा (नाव, आधार क्रमांक) यास दिनांक ... रोजी नागपूर येथून माझ्या घरापर्यंत, गाडी क्रमांक ... मधून, सोबतच्या पावतीप्रमाणे २५ (पंचवीस) काडतुसे नेण्याचा अधिकार देत आहे. मूळ परवाना त्याच्यासोबत आहे. सही, तारीख, मोबाइल क्रमांक."

खरेदीला बाबा स्वतः येणार, हे नक्की. ही चिठ्ठी फक्त त्यांना शहरात थांबावे लागले तर. आणि परवान्याचे पुस्तक आता दवाखान्याच्या फाइलमध्ये जाणार नाही, त्याला वेगळे प्लास्टिकचे पाकीट आणले आहे.

सदर_वकील · शुक्रवार, रात्री १०.१०

संख्या अक्षरांत लिहिलीत, गाडी क्रमांक घातलात, छान. एकच राहिले. "काडतुसे" च्या आधी "माझ्या स्वतःच्या वापरासाठीची" हे शब्द घाला. परंतुक त्याच कारणासाठी आहे.

संत्राबाग · शुक्रवार, रात्री १०.२५

घातले. बाबांनी चष्मा लावून पुन्हा वाचले आणि म्हणाले, अक्षर आता स्पष्ट दिसते.